आजार आईंचा, मग अभ्यास माझा कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका लहान शहरातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचं वय ५३. सासूबाई ७९ वर्षांच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमरचं निदान झालं. आता आंघोळ, कपडे, जेवण सगळ्याला मदत लागते. रात्री दोन-तीनदा उठतात. दिवेलागणीला 'मला घरी जायचंय' म्हणत दाराशी जाऊन उभ्या राहतात. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. अलीकडच्या स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी १३ गुण मिळाले.

धाकटे दीर अमेरिकेत असतात. ते अल्झायमरच्या नव्या औषधाच्या बातम्या पाठवतात, 'खर्च माझा, पण आईला हे मिळालंच पाहिजे' म्हणतात. एका ओळखीच्यांनी मोठ्या शहरातल्या 'स्टेम सेल थेरपी'चं (मूळ पेशी शरीरात सोडण्याच्या उपचाराचं) नाव सुचवलं आहे, त्याचे काही लाख रुपये पडतील. दुसरीकडे, जिथे सासूबाईंना दाखवतात त्या मेडिकल कॉलेजमधून एक संशोधक मुलगी घरी येऊन गेली. घरी अशा रुग्णांचं करणाऱ्यांवर त्यांचा अभ्यास चालू आहे. निम्म्या घरांना मदतीसाठी घरभेटी लगेच मिळतील, निम्म्यांना सहा महिन्यांनी. सासूबाईंच्या रक्ताचा नमुनाही हवा आहे. यजमानांचं म्हणणं, 'आईवर प्रयोग नको.' ताई विचारतात: नव्या औषधाला नाही म्हटलं तर सून म्हणून मी कमी पडले असं होईल का? आणि आजारी आई आहेत, मी धडधाकट आहे, मग माझा अभ्यास कशाला?

उत्तर

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात आईंच्या गोळ्या, झोप, जेवण, दिरांचे फोन, यजमानांचं म्हणणं असं सगळं बारकाईने आलं आहे. स्वतःबद्दल एकच ओळ आहे: 'माझी शुगर बॉर्डरवर होती, तीन वर्षं तपासलेली नाही.' माझं मन त्या ओळीपाशीच अडकलं. पण औषधाचा प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नाही असं दिसतं, म्हणून आधी तो.

दिरांनी पाठवलेल्या बातम्या खोट्या नाहीत. लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली, पुढच्या वर्षी जुलैमध्ये डोनानेमॅबला. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं, ते ही औषधं काढून टाकतात. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी या आजाराचं पहिलं वर्णन १९०६ साली केलं. त्यानंतर आजाराच्या मुळाकडे जाऊन त्याचा वेग थोडा तरी कमी करणारं औषध हाती यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. संशोधकांना झालेला आनंद मला समजतो, आणि हजारो मैलांवरून आईसाठी धडपडणाऱ्या मुलाचा उत्साहही.

पण ते औषध कोणावर तपासलं गेलं, हे बातमीच्या मथळ्यात नसतं. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १,७९५ माणसं होती आणि ती सगळी आजाराच्या अगदी सुरुवातीच्या पायरीवरची होती. आईंनी दिली तशाच ३० गुणांच्या चाचणीत किमान २२ गुण मिळालेल्यांनाच त्यात घेतलं होतं. आईंना १३ आहेत. आता कुणी म्हणेल, त्या चौथी शिकलेल्या, वाचायला-लिहायला सांगणाऱ्या चाचणीत त्यांचे गुण कमीच येणार. हे बरोबर आहे. म्हणूनच आपल्याकडच्या संशोधकांनी कमी शिकलेल्या माणसांसाठी अशा चाचण्या बदलून घेतल्या आहेत, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना 'ही चाचणी आईंच्या शिक्षणाला धरून होती का?' असं तुम्ही जरूर विचारा. पण गुण बाजूला ठेवले तरी आंघोळीला आणि कपड्यांना मदत लागते, याचा अर्थ आजार सुरुवातीच्या पायरीच्या पुढे गेला आहे. तिथे या औषधाचा उपयोग होतो असा पुरावा नाही.

ज्यांना ते दिलं त्यांना तरी काय मिळालं? दीड वर्षानंतर औषध घेणारे आणि न घेणारे, दोन्ही गट खालावलेच होते. स्मरण आणि रोजचे व्यवहार मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर न घेणारे सरासरी १.६६ ने खालावले, घेणारे १.२१ ने. फरक ०.४५. दिरांनी लिहिलेला 'आजार २७ टक्क्यांनी मंदावला' हा आकडा यातूनच आला आहे. दोन्ही खरे आहेत, पण त्यातला एकच ऐकला तर मनात भलतं चित्र उभं राहतं. गेलेलं परत येत नाही. आई पुन्हा तुम्हाला नावाने हाक मारू लागतील, असं या औषधाने कुणालाही कबूल केलेलं नाही.

धोकाही आहे. चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज दिसली आणि १७.३ टक्क्यांमध्ये रक्तस्रावाच्या खुणा दिसल्या. औषध न घेणाऱ्यांत रक्तस्रावाचं प्रमाण ९ टक्के होतं. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, तो फक्त एमआरआयमध्ये कळला. पण काहींच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांना डॉक्टर हे औषध देणं सहसा टाळतात. आईंची ती गोळी चालू आहे. शिवाय दर पंधरा दिवसांनी शिरेतून सलाइनसारखं औषध, सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा एमआरआय. ज्या बाईंना दाढेच्या डॉक्टरकडे न्यायचं तर तुम्हाला दोन माणसं लागतात असं तुम्ही लिहिलं आहे, त्यांना एमआरआयच्या नळीत निश्चल झोपवायचं कसं, हा विचार बातमी पाठवणाऱ्याच्या मनात आला नसणार. त्यांनी तो केला नाही म्हणून त्यांना दोष नको. ते रोज तिथे नाहीत एवढंच.

तेव्हा मला स्पष्ट सांगावंसं वाटतं: आईंच्या बाबतीत या औषधाला नाही म्हणणं हा वैद्यकीयदृष्ट्या योग्य निर्णय दिसतो. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून तो कागदावर लिहून घ्या आणि दिरांना तो कागद पाठवा. 'वहिनी नको म्हणाली' आणि 'डॉक्टरांनी या कारणांसाठी नको सांगितलं' यात घरातल्या नात्यांच्या दृष्टीने फार अंतर आहे. पहिल्या वाक्याचं ओझं तुम्ही का वाहायचं?

ज्या वाचकांच्या घरी आजार नुकताच लक्षात आला आहे, गोष्टी आठवत नाहीत पण बाकी व्यवहार चालू आहेत, त्यांनी मात्र माझं हे उत्तर स्वतःला लावू नये. त्यांनी न्यूरॉलॉजिस्टला नव्या औषधांबद्दल मोकळेपणाने विचारावं. त्याआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासलं आहे ना, तेही पाहावं. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-१२ ची कमतरता खूप आढळते आणि विसरभोळेपणाचं ते एक दुरुस्त होणारं कारण असू शकतं.

स्टेम सेलबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे दोन मतांना जागा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल ही उपचार म्हणून विकण्याची गोष्ट नाही, ती फक्त मंजूर संशोधनात वापरता येते. आणि खऱ्या संशोधनात रुग्णाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. कुणी 'हे संशोधन आहे' म्हणतो आणि वर काही लाखांचं बिल देतो, तर तिथून उठून या. स्मरणशक्तीच्या गोळ्या-चूर्णांचंही असंच. गिंको या वनस्पतीच्या अर्काचा किती बोलबाला होता! अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर काही वर्षं तपासून २००८ मध्ये निष्कर्ष आला, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार), टाळण्यात त्याचा उपयोग झाला नाही. ते पैसे घरातच राहू द्या, त्यांचा उपयोग पुढे सांगते.

आता त्या संशोधक मुलीकडे येऊ.

तुम्ही लिहिता, 'मी धडधाकट आहे, माझा काय अभ्यास करणार?' तुमच्या या समजुतीला मला हळूच हात लावायचा आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या संशोधकांनी डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाचं करणाऱ्या १३ बायका निवडल्या आणि त्यांच्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या, पण ही जबाबदारी नसलेल्या १३. सगळ्यांच्या हातावर सारखीच, अगदी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. करणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. त्याही धडधाकटच होत्या. मनावरचा ताण कातडीपर्यंत पोचतो, हे त्या अभ्यासाने दाखवलं.

चार वर्षांनी, १९९९ मध्ये आणखी एक मोठा अभ्यास आला. आजारी जोडीदाराचं करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांत मृत्यूचा धोका, असं काही करावं न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळला. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे: जे जोडीदाराचं करत होते पण ज्यांना त्याचा ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढलेला धोका दिसला नाही. म्हणजे सेवा करण्याने माणूस खचतं असं नाही. एकट्याने, झोपेविना, कुणाला न सांगता ती करत राहण्याने खचतं. आणि यावर उपाय करता येतो का, हेच ती मुलगी शोधते आहे.

हा प्रश्न आपल्या अगदी जवळ, गोव्यात, नीट तपासला गेला आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश या तालुक्यांत डिमेन्शिया असलेली ८१ घरं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाच्या घरी सहा महिने प्रशिक्षित कार्यकर्त्या जात राहिल्या. त्या डॉक्टर किंवा नर्स नव्हत्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या, साधं शिक्षण घेतलेल्या होत्या आणि त्यांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते. आजार म्हणजे काय, तो कसा पुढे सरकतो, अवघड वागण्याला काय करायचं, सरकारी योजनेचा कागद कुठे मिळतो, घरातल्या इतरांनी काय उचलायचं, हे त्या घरच्यांशी बोलत. दुसऱ्या गटाला हीच मदत सहा महिन्यांनी दिली. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. मदत मिळालेल्या घरांत करणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलं आणि रुग्णाच्या वागण्याने होणारा मनस्ताप कमी झाला. रुग्णांच्या स्वतःच्या लक्षणांत तेवढा खात्रीचा फरक दिसला नाही. हेही सांगायला हवं, कारण चांगलं संशोधन हातचं राखत नाही.

लंडनमध्येही २६० कुटुंबांवर असाच एक अभ्यास झाला, घरी करणाऱ्यांसाठी आठ बैठका. तिथेही नैराश्य आणि चिंता कमी झाली.

मला हे संशोधन नव्या औषधाइतकंच मोठं वाटतं. भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं डिमेन्शियासह जगत आहेत असा २०२३ मध्ये छापून आलेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. त्या प्रत्येकामागे घरात कुणीतरी एक आहे, बहुतेक वेळा मुलगी, सून किंवा बायको. आणि तरी जगभरातलं लोकसंख्येवरचं डिमेन्शिया-संशोधन वर्षानुवर्षं श्रीमंत देशांपुरतंच होत राहिलं. यावर बोट ठेवायला संशोधकांच्या एका गटाने स्वतःचं नावच '१०/६६' ठेवलं: रुग्णांपैकी ६६ टक्के विकसनशील देशांत आणि त्यांच्यावर होणारं संशोधन १० टक्क्यांहूनही कमी. आपल्या घरातल्या सुनेला काय लागतं हे लंडनच्या अभ्यासातून कळणार नाही, ताई. ते तुमच्याकडूनच कळेल.

'पण माझं नाव सहा महिन्यांनंतरच्या गटात आलं तर?' ही तुमची शंका रास्त आहे. अशी विभागणी केल्याशिवाय फरक भेटींमुळे पडला की नुसत्या काळाने, हे कळत नाही. पण तुम्हाला सहा महिने थांबता येणार नाही एवढं असह्य होत असेल तर ते त्या मुलीला सांगा. कुठल्याही गटात असलात तरी आईंचे नेहमीचे उपचार चालूच राहिले पाहिजेत, आणि तुम्हाला बाहेरून दुसरी मदत घ्यायची मुभा आहे का, हेही विचारून ठेवा.

यजमानांची भीती मी हलकी लेखत नाही. आपल्या देशात माणसांना नीट न सांगता त्यांच्यावर औषधं तपासल्याच्या तक्रारी झाल्या आहेत, त्यातूनच नियम कडक होत गेले. पण तुमच्यापुढे आलेल्या तीन गोष्टी त्यांच्यापुढे वेगवेगळ्या करून ठेवा. नवं औषध घेणं ही एक. तुमच्याशी बोलणं, प्रश्नावली भरणं, भेटी ही दुसरी, आणि त्यात आईंच्या अंगाला कुणी हातही लावत नाही. आईंच्या रक्ताचा नमुना ही तिसरी. यातल्या दुसरीला हो आणि तिसरीला नाही, असं म्हणता येतं का ते विचारा. बहुतेक अभ्यासांत येतं.

रक्ताच्या नमुन्याचा निर्णय मी आईंवर सोपवला असता, पण त्या आज तो घेऊ शकत नाहीत. अशा वेळी घरच्यांपैकी कायद्याने ग्राह्य अशी व्यक्ती त्यांच्या वतीने सही करते. त्या व्यक्तीने 'मला काय वाटतं' याऐवजी 'आई शहाण्या-सुरत्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या' हे आठवायचं असतं. तुम्ही लिहिलंय की त्या अंगणवाडीत लसीकरणाला शेजारच्या बायकांना ओढून न्यायच्या. मला त्या ओळीत काहीतरी उत्तर दिसतं, पण ते तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं. आणि सही झाल्यावरही, सुई दिसताच आईंनी हात मागे घेतला तर तिथे थांबायचं. त्यांचा तेवढा नकार आजही पुरेसा आहे, आणि हे संशोधकांना आधीच सांगून ठेवा.

संमतीपत्र मराठीत मागा, सही करण्याआधी ते घरी आणून दोन दिवस ठेवा, आणि सही केल्यावर एक प्रत स्वतःकडे ठेवा. संस्थेच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का आणि तिच्या सचिवांचा फोन नंबर कोणता, हे त्या कागदावर असायला हवं. औषधाची चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीवर तिची नोंद सक्तीची आहे, तो नोंदणी क्रमांक विचारला की खरा संशोधक लगेच सांगतो. २०१९ च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. स्वतःहून निर्णय घेऊ न शकणाऱ्या माणसांवर नव्या औषधाची चाचणी असेल तर संमतीचं चित्रीकरणही करावं लागतं. आणि कुठल्याही अभ्यासातून, कुठल्याही दिवशी, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्याने आईंच्या उपचारात फरक पडता कामा नये. हे शेवटचं वाक्य कागदावर नसेल तर सही करू नका.

भेटी सुरू होतील तेव्हा होतील. तोवर संध्याकाळचं काय? 'मला घरी जायचंय' याला तुम्ही रोज 'अहो आई, हेच तर तुमचं घर' असं समजावता आणि रोज त्या जास्त चिडतात. बहुतेक घरांत असंच होतं. त्या ज्या घराबद्दल बोलतात ते या पत्त्यावर नाही, ते साठ वर्षांपूर्वीचं माहेर असेल किंवा नुसती 'मला इथे सुरक्षित वाटत नाही' ही भावना. खरं-खोटं करत बसण्यापेक्षा त्यांना त्या घराबद्दल विचारा. कोण कोण होतं, विहीर कुठे होती, गाई किती होत्या. चपला घालून अंगणात एक फेरी मारा आणि आत या. सूर्य मावळायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, अंधूक उजेडात सावल्यांनी त्या बावचळतात. दुपारची झोप थोडी आवरली तर रात्रही थोडी बरी जाऊ शकते. आणि कान तपासून घ्या. त्यांना कमी ऐकू येतं असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ऐकण्याच्या यंत्राने आता अल्झायमर थांबणार नाही, पण बोललेलं कळलं नाही म्हणून होणारा संशय आणि चिडचिड कमी होऊ शकते.

रात्री 'शांत राहण्यासाठी' फॅमिली डॉक्टरांनी दिलेली गोळी नक्की कोणती आहे, ते न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. मानसिक आजारांत देतात त्यातल्या काही गोळ्या डिमेन्शिया असलेल्या वृद्धांना दिल्यास मृत्यूचा धोका दीडपटीहून थोडा जास्त होतो, असा इशारा अमेरिकेच्या नियामक संस्थेने १७ चाचण्या एकत्र पाहून २००५ मध्ये दिला. कधी कधी त्या द्याव्याच लागतात, पण कमीत कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी आणि लक्ष ठेवून. स्वतःहून एकदम बंद करू नका, फक्त विचारा.

आता दिरांच्या पैशांबद्दल. लेकानेमॅबची अमेरिकेतली जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. त्याचा अगदी छोटा हिस्सा जरी त्यांनी दर महिन्याला पाठवला तर ब्युरोची एक बाई रात्रीसाठी ठेवता येईल. त्यांना हे सांगताना संकोच वाटेल, 'माझ्या झोपेसाठी पैसे मागते' असं वाटेल. तसं मांडूच नका. आईंना रात्री उठल्यावर सावरणारं ताजंतवानं माणूस हवं, पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच अवघड होईल, असं सांगा, कारण ते खरंच आहे. शिवाय त्यांच्याकडून पैशांपेक्षा मोलाची एक गोष्ट मागा: वर्षातून दोन आठवडे इथे येऊन राहणं, आणि त्यांतले काही दिवस घरात फक्त दोघं भाऊ आणि आई. आजवर आईंचं सगळं तुम्ही केलंत आणि आईंबद्दलचे निर्णय दोघा भावांनी घेतले. ही वाटणी बदलायला हवी, आणि ती भांडून बदलण्यापेक्षा आंघोळ घातल्याने लवकर बदलते.

यजमानांना पहिल्या भेटीच्या वेळी घरात थांबायला सांगा. त्यांच्या मनातले प्रश्न त्या मुलीला त्यांनीच विचारू देत.

मदतीचे काही धागे सगळ्याच वाचकांसाठी. ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि करणाऱ्याचं स्वतःचं मन कोलमडत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून या कामात आहे, आपल्या भागाजवळ तिची शाखा किंवा करणाऱ्यांचा गट आहे का, ते विचारा. आपल्यासारख्याच दुसऱ्या बाईने 'आमच्याकडेही अस्संच' म्हणणं, याने जो धीर येतो तो मी किंवा कुठलाही डॉक्टर देऊ शकत नाही.

दुपारी दोन ते चार आई झोपतात असं तुम्ही लिहिलंय. अभ्यासाची पहिली भेट तीच वेळ मागून घ्या. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन या: साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब, बी-१२. रिपोर्ट काय आले ते मला कळवा. या वेळी पत्रात आईंबद्दल एक ओळ आणि तुमच्याबद्दल चार पानं आली तर मला फार बरं वाटेल.